तिसरं सांगणं जमिनीवर बसून

“दोन! दोन म्हणजे दोन! कानात ग्रीस भरलं का बे तुह्या? किती डाव सांगू?”

ओरडणारा मी होतो, अर्शद. तुझ्या खोलीत, तुझ्या सतरंजीवर. जिच्यावर बसूनच बोलायचं असा तुझा नियम, तिच्यावर मी चपला घालून उभा होतो. खाली तुझ्या अब्बांच्या गॅरेजात एका ट्रॅक्टरचं इंजिन उघडं पडलं होतं आणि युसूफभाई त्यात खांद्यापर्यंत शिरले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी डोकं वर काढलं ते थेट बॉनेटवर आपटलं. माझा आवाज आहेच तसा. ढाणकीच्या स्टँडवर मी शिंकलो तर उमरखेडहून निघालेला ड्रायव्हर ब्रेक मारतो. पण त्या दिवशीचा आवाज शिंकेचा नव्हता. तो माणूस मारायचा आवाज होता, आणि असा आवाज मी आयुष्यात दोनदाच काढला आहे.

तू खाली मांडी घालून बसला होतास. पेन बाजूला ठेवलेलं. तू फक्त विचारलं होतंस, “काका, दोनच?”

मी तुझा टेबलफॅन उचलून भिंतीवर हाणला. भिंतीवर पुण्याच्या कोर्सचं तुझं सर्टिफिकेट होतं, ते काचेसकट खाली आलं. तू उठायला लागलास, बहुतेक मला पाणी द्यायला, आणि मी तुझ्या कानाखाली ओढली. पूर्ण पंजा, खांद्यातून काढलेला. तुझा चष्मा उडून कोपऱ्यात पडला. तू चाचपडत जाऊन तो उचललास, डोळ्यांवर ठेवलास. डाव्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता.

“जा, मर तिकडं!” मी म्हणालो आणि जिना उतरलो.

ती आपली शेवटची भेट. पुढच्या मंगळवारी तू गेलास. आता गावात जो तो तुझ्याबद्दल गोड बोलून राहिला आहे. बोलू दे. माझ्याकडे गोड काही नाही, अर्शद. माझ्याकडे तो पंजा आहे. रोज सकाळी त्यानंच दात घासतो.

तू पुण्याची नोकरी सोडून परत आलास आणि गॅरेजवरच्या खोलीला पाटी ठोकलीस, ‘पर्सनल लाइफ कोच. अवघड निर्णयांसाठी भेटा.’ युसूफभाईंनी ती पाटी वाचली, खाली गेले आणि ट्रॅक्टरचा जुना फॅनबेल्ट घेऊन वर आले. एकतीस वर्षांचा इंजिनियर पोरगा, आणि बाप त्याला बेल्टनं सोलून राहिला. तू हात पाठीमागं धरून उभा. मी त्या दिवशी माझा ट्रॅक्टर घेऊन खाली आलो होतो, सगळं जिन्यातून पाहिलं. गावात मी सांगितलं की चाळीस फटके मारले. बेल्ट तुटला, दुसरा आणला, तोही तुटला, शेवटी कंपनीनं तो बेल्ट बनवायचंच सोडून दिलं.

खरे फटके चार होते. चौथ्यानंतर तू म्हणालास, “हो गया अब्बा? अब बताओ, गुस्सा किस बात का है?”

आणि युसूफभाई बेल्ट हातात घेऊन तिथंच पायरीवर बसले नि सांगायला लागले. अर्धा तास बोलत होते. माणसाला मारून झाल्यावर इतकं बोलता येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. तुझं पहिलं गिऱ्हाईक तुझा बाप होता, पोट्ट्या. नंतर त्यांनीच ती पाटी खाली उतरवून वेल्डिंग मारून पक्की बसवली, वारं आलं तरी हलू नये म्हणून.

लोक आधी हसले. मग यायला लागले. एक मास्तर बदली घ्यावी का विचारायला आले. एक बाई नवऱ्याचं घर सोडावं का विचारायला आली. तिचे दोन दात पडलेले होते आणि ते कसे पडले हे ती दर वेळी वेगळं सांगायची. तू कोणालाच काही सांगायचा नाहीस. तुझी एकच रीत. तीन बैठका, तीन सांगणी. पहिलं सांगणं उभ्यानं. काय हातवारे करायचे, काय रंगवायचं ते रंगवा. दुसरं खुर्चीवर. तिसरं जमिनीवर, सतरंजीवर मांडी घालून. मी विचारलं, हे काय खूळ? तू म्हणालास, “काका, उभ्या माणसाला सगळे ऐकतात. खुर्चीवरच्याचं एक जण ऐकतो. जमिनीवर बसलं की माणूस स्वतःच ऐकतो.” मी म्हणालो, आमच्या तांड्यात सगळे जमिनीवरच बसतात आणि माझ्यासारख्या थापा कुठं ऐकायला मिळत नाहीत. तू हसलास. तू हसलास की तुझा चष्मा नाकावरून घसरायचा. चांगला होता तो चष्मा.

मी तुझ्याकडे आलो ते केळीच्या गाडीपायी.

बाबाराव, ज्यांच्या केळीच्या गाड्या चालतात, माझ्याकडे येऊन म्हणाले, “गुलाब, एक ड्रायव्हर पाहिजे. तुहा लहाना भाऊ, उत्तम, गाडी चांगली चालवते म्हणतात. पण पितेही म्हणतात. तू मोठा भाऊ. या महिन्याच्या शेवटच्या बाजाराले सांग, देऊ का गाडी?”

सरळ प्रश्न होता. उत्तरही सरळ होतं. उत्तमनं जन्मात दारूला हात लावला नाही. पण तो पितो हे गावाला कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं. दोन वर्षं, चहाच्या टपरीवर, लग्नात, तेरवीत, जिथं दोन कान दिसतील तिथं. तो पीत नाही म्हणालो तर माझी अख्खी गोष्ट कोसळत होती, आणि गोष्टीखाली काय पुरलंय ते उघडं पडत होतं. बाबारावांना ‘सांगतो’ म्हणालो आणि तुझा जिना चढलो. वर खोलीत तू ‘सर’, खाली गॅरेजात ‘पोट्टा’, असा आपला करार.

पहिल्या गुरुवारी मी उभा राहिलो. आठवतं तुला, काय धिंगाणा घातला? दोन वर्षांमागचा हळदीचा हंगाम. आम्हा दोघा भावांचा हळद शिजवायचा कुकर होता, मोठ्या लोखंडी टाक्या, खाली धगधगती भट्टी, ट्रॅक्टरला जोडून शेतोशेत न्यायचा. उत्तम सकाळपासून टर्र. शिजलेली हळद वाहायच्या ट्रॉलीखाली जाऊन लोळला. मागच्या फाळक्याच्या, त्या लोखंडी दाराच्या, खिळी त्यानंच नशेत काढून ठेवलेल्या. आणि तो फाळका! आठ क्विंटलचा! उचलायला हत्ती लागतात! धाडकन आला खाली, डाव्या हातावर. मनगटाचं पीठ झालं. बोटं चौफेर उडाली, एक बोट कोंबडीनं उचललं आणि ती घेऊन पळाली. मी एका हातानं फाळका पेलला, दुसऱ्या हातानं भावाला खांद्यावर टाकलं, ट्रॅक्टरची चावी दातात धरली, कोंबडीच्या मागं धावून बोट सोडवलं, आणि रक्ताची धार दवाखान्यापर्यंत अशी, की पुढं आठ दिवस लोक तिच्यावरून रस्ता विचारत होते.

ही गोष्ट सांगितली की टपरीवर लोक चहा सांडेपर्यंत हसायचे. उत्तमला ‘फाळक्या’ म्हणायला लागले. कधीकधी तो तिथंच उभा असायचा. त्याची बोटं दहाच्या दहा होती, पण डाव्या हाताची दोन पूर्ण मिटत नव्हती, आणि तो हात खिशात घालून ऐकायचा. हात राहिला बाजूला, पण पिऊन ट्रॉलीखाली लोळणाऱ्याला गाडी कोण देणार? तो सोड्याच्या बाटल्यांचे कॅरेट वाहायला लागला. त्याची बायको मला पाहिलं की पदर आणखी पुढं ओढायची, आणि मला वाटायचं, मान देऊन राहिली.

तू सगळं ऐकलंस. कोंबडीला तर टाळी दिलीस. मग म्हणालास, “मस्त. आता पुढच्या गुरुवारी खुर्चीवर.”

खुर्चीवर कोंबडी गेली. ती जाणारच होती. दवाखान्यापर्यंतची धार गेली. आठ क्विंटलचा फाळका चाळीस किलोचा झाला. मी संपवलं तेव्हा तू वही पाहून विचारलंस, “काका, दारू कुठं गेली?”

“आटली.”

“होती का?”

मी छताकडे पाहिलं. तुझ्या छताला एक पाल होती, तिच्याकडं पाहत राहिलो. ती गेली तशी तुझ्याकडं पाहिलं. “नव्हती,” म्हणालो.

तू म्हणालास, “मग बाबारावांना उत्तर सापडलं तुम्हाला. सांगून टाका.”

“सांगतो एकट्याले. कानात.”

“गोष्ट किती जणांना सांगितली होती?”

“असतील दोन-चार हजार.”

“काका.”

“दोनशे.”

“दोनशे जणांना खोटं आणि एकाच्या कानात खरं?”

“मग काय भोंगा लावू? ऑटोले बांधून गावात फिरवू का भोंगा?” मी भडकलो. म्हटलं, तुझं काय जातं, तू वर खोलीत बसून लोकांच्या हाडांचे तुकडे मोजतो. मला गावात तोंड आहे. ज्या दिवशी मी उठून सांगेन की उत्तम पीत नव्हता, त्या दिवशी पहिला प्रश्न येईल, मग फाळका कसा पडला? तू शांतपणे म्हणालास, “हो. येईल तो प्रश्न. मी पण तोच विचारणार आहे. पुढच्या गुरुवारी.” त्या वेळीच तुला हाणायला हवं होतं. एक आठवडा आधी पडली असती, काच वेळेवर बदलून झाली असती.

तिसऱ्या गुरुवारी मी सतरंजीवर बसलो आणि फाळकाही गेला.

फाळका पडलाच नव्हता. तो मुळात माझा नव्हताही, उत्तमचा होता. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, हात कशानं मोडला? मारामारीचं असेल तर पोलिसात कळवावं लागतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. उत्तम म्हणाला, “फाळका पडला.” दोन शब्द. वेदनेनं ओठ पांढरे पडलेले, तरी माझ्याकडं न बघता म्हणाला. फाळका त्याचा, अर्शद. दारू माझी. त्यानं मला वाचवायला एक खोटं दिलं आणि मी त्यात दारू ओतून गावभर विकलं.

झालं होतं ते असं. भट्टीजवळ मजूर बायामाणसं जेवायला बसली होती. मी वाघाची गोष्ट लावली होती. झरी जामणीकडं बांबू आणायला गेलतो, जंगलात वाघ ट्रॉलीत चढला, मी त्याला चपलेनं असा मारला, असा मारला, की वाघ रडत पळाला. सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होते. उत्तम भट्टीत लाकडं सारत होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, “कोल्हा होता. अन् तो नाही पळाला, हा पळाला.”

काय हसले लोक! एका बाईच्या हातातली भाकर खाली पडली. माझ्या गोष्टींना इतकं कधी कोणी हसलं नव्हतं. चाकाजवळ टॉमी पडलेली होती, नट सोडवायची लोखंडी दांडी, हातभर लांब. मी ती उचलली.

एवढंच. वाटणी नव्हती, शेत नव्हतं, बाई नव्हती. कोल्ह्यासाठी मी माझ्या भावाला लोखंडानं मारलं. मजूर ओरडत पळाले. ते बाहेरगावचे होते, हंगाम संपला आणि निघून गेले, आणि माझ्या गोष्टीला साक्षीदार उरला नाही.

मी सतरंजीवर बसून हे सगळं सांगितलं. घाम असा, की सतरंजीवर डाग पडला. मी म्हणालो, दोन मारले. एक खांद्यावर, एक हातावर.

तेव्हा तू विचारलंस, “काका, दोनच?”

“दोन.”

आणि मग तू ते बोललास. मी अजून ऐकतो ते. “काका, तुमच्या गोष्टीत कोल्ह्याचा वाघ होतो. चार फटक्यांचे चाळीस होतात. दोनशेचे चार हजार होतात. तुमचा एकही आकडा कधी खऱ्याएवढा राहिला नाही. आणि हाच एक इतका लहान कसा?”

त्यावर मी उठलो. पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

शनिवारी तुझा रेकॉर्ड केलेला निरोप फोनवर आला. “काका, फॅन दुरुस्त झाला, अब्बांनी पातं सरळ केलं. चष्म्याचं टेन्शन घेऊ नका, उजवीकडचं सगळं दिसतंय. सतरंजी झटकून ठेवली आहे. या.” मी ऐकला. तीन-चार डाव ऐकला. उत्तर दिलं नाही. म्हटलं, राहू दे याला वाट पाहत, सुजू दे गाल जरा. मी असा माणूस आहे.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, उमरखेडच्या रस्त्यावर, तुरीच्या ओळींतून रोही निघालं आणि तुझ्या मोटरसायकलवर आदळलं. नीलगाय, घोड्याएवढं जनावर. तू वीस फूट उडालास म्हणतात. मी सांगितलेलं नाही, बघणाऱ्यांनी सांगितलं. डोकं दगडावर. रोही उठलं, लंगडत तुरीत निघून गेलं. तू उठला नाहीस.

रोही डाव्या बाजूनं आलं होतं.

मी ऐकलं आणि कुऱ्हाड घेऊन निघालो. भर दुपारी त्या तुरीत शिरलो, जे झाड आडवं आलं ते तोडलं, लोकांच्या उभ्या तुरीचे ताटवे झोपवत गेलो, आणि आईमाईवरून रोह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेलो. ते दिसलं मला. बांधावर उभं होतं, पुढचा पाय उचलून धरलेला, गुडघ्यापासून खाली रक्त. माझ्याकडं पाहत होतं. पळत नव्हतं, पळता येत नसावं. मी कुऱ्हाड वर नेली. मग गावात सांगितलं की सात रोही तोडले. एकही नाही, अर्शद. कुऱ्हाड वर नेली आणि त्यानं मान खाली घातली. खांदे आवळले, कान मागं पाडले. मारणाऱ्यापुढं असं डोकं झाकताना मी एकाला आधी पाहिलंय. माझ्या हातातून कुऱ्हाड खाली पडली आणि मी तिथं बांधावर बसून ओकलो.

तुझ्या मातीला मी आलो. कबरस्तानात युसूफभाईंच्या मागं उभा राहिलो. लोक हळू आवाजात बोलत होते, आणि माझ्या तोंडाला खाज सुटली, खरं सांगतो. मी बाजूच्याला म्हणालो, “रोही काय मारते त्याले. वाघ होता. म्या पंजे पाह्यले.”

युसूफभाईंनी मागं वळून पाहिलं. “रोही था, गुलाब,” एवढंच म्हणाले आणि माती टाकायला वाकले.

चौथ्या दिवशी त्यांनी गॅरेज उघडलं. मी गेलो. ते डिझेलचा फिल्टर धूत होते. मी उभ्यानंच सांगितलं, युसूफभाई, मी तुमच्या पोराला मारलं, चष्मा फोडला, डावी काच. रोही डावीकडून आलं. मला वाटलं, आता बेल्ट निघेल. निघावा असं वाटत होतं. पाठ तयार करून गेलो होतो, आतून बनियनही घातलं नव्हतं. चाळीस मारा, चारशे मारा, बेल्ट तुटेपर्यंत मारा.

ते फिल्टर धूत राहिले. डिझेलचं पाणी काळं झालं, त्यांनी ते ओतलं, दुसरं घेतलं. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाले, “उस दिन ऊपर से तेरी आवाज आ रही थी. दो, दो, दो.” फिल्टर उजेडात धरून पाहिला. “मेरे पास कायकू आया? पयले अपने भाई के पास जा.”

तू काच बदलली होतीस का, ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. तुला माहीत आहे फक्त, आणि तू गेलास. असं अर्ध्यात जाणं कोचला शोभतं का रे? गिऱ्हाईक सतरंजीवर टाकून?

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाबारावांना उत्तर द्यायचा दिवस.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगून राहणार नाही. बाबारावांनी उत्तमला गाडी दिली. परवापासून तो केळी घेऊन जातो. तीन बोटांनी स्टेअरिंग असं धरतो, की पाच बोटंवाल्यांना लाज यावी. हे शेवटी सांगायचं असतं, मला समजतं, गोष्ट सांगण्यात माझे केस पिकले. पण शेवटी मला दुसरं सांगायचं आहे.

स्टँडवरच्या टपरीवर गर्दी होती. बाबाराव बाकावर चहा पीत होते. मी मधोमध उभा राहिलो आणि ओरडलो, “ऐका रे! उत्तमचा हात फाळक्यानं नाही मोडला. म्या मोडला. टॉमीनं! अशी टॉमी घेतली, भट्टीत लाल केली, अन्...”

टपरी फुटली हसून. एक जण म्हणाला, “मागच्या डावाले फाळका, या डावाले टॉमी. पुढच्या डावाले रणगाडा आणजो, गुलाबभाऊ!” दुसरा म्हणाला, “अन् कोंबडी कुठं गेली? कोंबडीशिवाय मजा नाही!” बाबारावही हसले. माझंच चुकलं होतं. टॉमी भट्टीत लाल केली नव्हती. उभं राहिलं की माझी जीभ माझी राहत नाही.

मी बाकाच्या टोकावर बसलो. पुन्हा सांगितलं. टॉमी गार होती. दारू नव्हती. उत्तम पीत नाही, कधीच पीत नव्हता. हसणं कमी झालं, पण थांबलं नाही. कोणी म्हणालं, “ऐका, ऐका, पुढं वाघ येते.”

तेवढ्यात उत्तम आला. बाजाराच्या दिवशी तो टपरीला सोडा आणून देतो. उजव्या हातात आणि छातीवर कॅरेट तोललेलं, डावा हात नुसता टेकू. आमच्या बोलीत भावाला भिया म्हणतात. त्यानं मला भिया म्हणून दोन वर्षं झाली होती. तो मला पाहून थांबला, जागा नव्हती म्हणून उभाच राहिला.

मी बाकावरून उतरलो आणि खाली बसलो. टपरीच्या समोर, जिथं लोक चहाचा चोथा टाकतात आणि थुंकतात, तिथं मांडी घातली. आणि अर्शद, पोट्ट्या, तुझं खरं होतं. तिथून कोणाचे चेहरे दिसत नाहीत. पाय दिसतात. चपला दिसतात. आपला आवाज आपल्याच पोटातून वर येताना ऐकू येतो, आणि तो फार लहान असतो. मी कोल्ह्याचं सांगितलं. लोक हसल्याचं सांगितलं. भाकर पडल्याचं. डॉक्टरपुढं फाळका कोणी सांगितला ते, आणि दारू कोणी ओतली ते. कोणी हसत नव्हतं. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

तिथं मी खरा आकडा सांगणार होतो. घरून ठरवून निघालो होतो. तुझा फोनवरचा आवाज पुन्हा ऐकून निघालो होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, “दोन मारले. एक खांद्यावर, एक हातावर.”

आणि स्वतःचं ऐकलं.

बाबारावांनी कप खाली ठेवला. गर्दीतून मागं पाहिलं. “उत्तम, तू सांग. खरं हाय का हे?”

उत्तमनं कॅरेट हळूच खाली टेकवलं. बाटल्या वाजू दिल्या नाहीत. डावा हात पॅन्टला पुसला.

“तीन होते,” तो म्हणाला. “खांद्यावर दोन. हातावरचा तिसरा. मी पडल्यावर.”